लोकअदालत, मध्यस्थी करून वाद मिटवताना नेमकं कुठे चुकतं: अर्ज करण्याआधीपासून शेवटच्या हप्त्यापर्यंत

"लोकअदालतीत मिटवलं, सही पण केली, आता समोरचा पैसेच देत नाहीये, अपील कुठे करू?" हा प्रश्न इतक्या वेळा येतो की एकदा सगळं नीट लिहून काढायचं ठरवलं. अपील नसतंच. आणि कागद मागवून बघितले तर बहुतेक वेळा घोळ अटींमध्ये असतो, चार ओळीत कशातरी लिहिलेल्या असतात, तारीख नाही, हप्ता चुकला तर काय ते नाही, आणि खाली दोघांच्या सह्या. कोर्टाबाहेर मिटवणं चांगलंच आहे, पण तिथे जज तुमच्यासाठी निकाल लिहीत नाही, निकाल तुम्ही दोघं मिळून लिहिता, त्यामुळे जे लिहायचं राहिलं ते राहिलंच. खालचा क्रम तसाच पाळा, मधली पायरी गाळू नका.

## १. आधी बघा, हा वाद असा मिटू शकतो का

उधारीचे पैसे, चेक बाऊन्स, बँकेची थकबाकी, अपघाताची नुकसानभरपाई, भाडं, भावाभावातली वाटणी, पाण्याचं किंवा लाईटचं बिल, नवरा-बायकोतला पोटगीचा वाद, हे सगळं तडजोडीने मिटतं. राष्ट्रीय लोकअदालतीत वैवाहिक प्रकरणं घेतात पण घटस्फोट सोडून. घटस्फोटाच्या अटी मध्यस्थासमोर बसून ठरवता येतात, मात्र हुकूम कोर्टाकडूनच घ्यावा लागतो. फौजदारीत फक्त तडजोडपात्र गुन्हे चालतात, म्हणजे जे आपसात मिटवायची मुभा कायदाच देतो ते. जो गुन्हा कायद्याने तडजोडपात्र नाही तो लोकअदालतीच्या कक्षेतच येत नाही, मग दोघं कितीही राजी असोत. अशी केस रद्द करून घ्यायला हायकोर्टात जावं लागतं, तेव्हा "केस पण मागे घेऊ" असं तोंडी आश्वासन कोणी दिलं तर आधी वकिलाला विचारा की ती केस अशी मागे घेता येते का.

वाटणीच्या प्रकरणात अजून एक गोष्ट. सगळे वारस टेबलावर हवेत. लग्न होऊन गेलेल्या बहिणी, वारलेल्या भावाची बायको-मुलं, सगळे. दोन भावांनी आपसात मिटवलं आणि बहिणीला बोलावलंच नाही तर ती तडजोड तिच्यावर बंधनकारक नाही, उद्या ती वेगळा दावा लावू शकते आणि तुमची सगळी मेहनत वाया. चालू दाव्यात वारसांमध्ये कोणी अज्ञान म्हणजे १८ वर्षांखालचं असेल तर त्याच्या वतीने तडजोड करायला कोर्टाची परवानगी घ्यावी लागते, नुसती आईची किंवा काकाची सही पुरत नाही. ही परवानगी घ्यायची राहून गेलेली प्रकरणं पुढे परत उघडली जातात.

तपासा: ज्यांचा ज्यांचा हक्क लागतो त्या सगळ्यांची नावं एका कागदावर लिहिली का? त्यातलं कोण सही करायला येणार नाहीये?

## २. मुदत मोजा, चर्चा सुरू करायच्या आधी

ही पायरी लोक सर्रास विसरतात आणि सगळ्यात जास्त नुकसान हिच्यामुळेच होतं.

उसने दिलेले पैसे वसूल करायला साधारण तीन वर्षांची मुदत असते. "बोलणी चालू आहेत" म्हणून ती मुदत थांबत नाही. समोरचा माणूस दर महिन्याला "पुढच्या महिन्यात बसू, मिटवू" म्हणतो, तुम्ही भल्या मनाने थांबता, तीन वर्षं उलटतात आणि मग तोच म्हणतो की आता काय करायचं ते कर. मुदत संपायच्या आत त्याने सही करून लेखी कबूल केलं की इतके पैसे देणं आहे, तर त्या तारखेपासून मुदत नव्याने मोजली जाते. म्हणून बोलणी करायचीच असतील तर पहिल्याच बैठकीत एक साधं लेखी कबुलीपत्र मागा, रक्कम, तारीख, सही. द्यायला तयार नसेल तर मुदतीच्या आत दावा दाखल करा, आणि दावा दाखल करूनसुद्धा तडजोड करता येते, त्याने दरवाजा बंद होत नाही.

चेकचं गणित अजून कडक आहे. चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसात लेखी नोटीस, ती मिळाल्यावर समोरच्याला १५ दिवस, आणि ते १५ दिवस संपल्यावर एक महिन्याच्या आत तक्रार. कोणी मध्यस्थ म्हणाला "नोटीस कशाला, मी बोलतो त्याच्याशी," तर त्याला बोलू द्या, पण नोटीस पाठवा.

व्यापारी स्वरूपाचा वाद असेल आणि रक्कम तीन लाख किंवा त्याहून जास्त असेल तर उलटा नियम लागतो. तातडीचा मनाई हुकूम वगैरे मागायचा नसेल तर आधी मध्यस्थीला जाणं सक्तीचं आहे, सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये हे पक्कं केलं, ती पायरी गाळून दाखल केलेला दावा फेटाळला जातो. ही मध्यस्थी तीन महिन्यांची, दोघांच्या संमतीने अजून दोन महिने वाढते, आणि हा काळ मुदतीत धरला जात नाही.

सावधान: मुदत संपायला दोन-तीन महिनेच उरले असतील तर आज वकिलाकडे जा, हा लेख नंतर वाचा.

## ३. रस्ता निवडा

इथे एकच प्रश्न स्वतःला विचारा: नाही जमलं तर निर्णय कोण देणार?

मध्यस्थी: मध्यस्थ निर्णय देत नाही, बोलायला मदत करतो. दोघांशी एकत्र बोलतो, मग एकेकाशी वेगळं. नातं टिकवायचं असेल, म्हणजे भाऊ, पार्टनर, शेजारी, किंवा विषय गुंतागुंतीचा असेल तर हे बरं, कारण वेळ मिळतो.

लोकअदालत: इथेही पॅनल निर्णय लादू शकत नाही, दोघांनी हो म्हटलं तरच निवाडा होतो. पण एका दिवसात ढीगभर प्रकरणं असतात, तुमच्या वाट्याला थोडाच वेळ येतो. आकडा जवळपास ठरलाय, फक्त शिक्का हवाय, अशा प्रकरणाला हे उत्तम.

कायमस्वरूपी लोकअदालत: नाव सारखं म्हणून लोक फसतात, ही वेगळी गोष्ट आहे. वीज, पाणी, टपाल, टेलिफोन, प्रवासी वाहतूक, दवाखाना, विमा अशा सार्वजनिक सेवांच्या वादासाठी, एक कोटी रुपयांपर्यंत. इथे तडजोड झाली नाही तर त्यांना स्वतः निर्णय द्यायचा अधिकार आहे आणि तो अंतिम असतो. शिवाय प्रकरण कोर्टात जायच्या आधीच अर्ज करावा लागतो आणि एकदा अर्ज केला की त्याच वादासाठी दोघांपैकी कोणीही कोर्टात जाऊ शकत नाही. म्हणजे इथे जाताना "बघू, नाही पटलं तर उठून येऊ" असं चालत नाही, पूर्ण पुराव्यानिशी जा.

लवाद: हा खासगी न्यायाधीशच समजा. करारात लवादाचं कलम असेल तर बहुतेक वेळा तिथेच जावं लागतं. निवाड्याला आव्हान द्यायला तीन महिने, फार तर वर ३० दिवस, आणि कारणंही मोजकीच. कर्जाच्या करारात फायनान्स कंपनीने एकटीनेच लवाद नेमला असेल तर गप्प बसू नका, लगेच लेखी हरकत घ्या. एका बाजूने एकतर्फी लवाद नेमणं सुप्रीम कोर्टाने २०१९ पासून अनेकदा चुकीचं ठरवलंय.

## ४. फाईल बनवा

लोक कागदांची पिशवी घेऊन येतात आणि पॅनलसमोर शोधत बसतात, तेवढ्यात पुढचा नंबर पुकारला जातो. तीनच गोष्टी हव्यात.

पहिलं, एका पानावर तारीखवार हकीकत. कधी पैसे दिले, किती परत आले, नोटीस कधी, केस नंबर काय. भावना नकोत, तारखा हव्यात. दुसरं, हिशोबाचं पान: मुद्दल, आलेले पैसे, व्याज कोणत्या दराने आणि कुठून कुठपर्यंत, एकूण. बँकेची नोटीस असेल तर तुमचा स्वतःचा हिशोब बँकेच्या स्टेटमेंटशी ताडून बघा, दंडव्याज आणि इतर चार्जेस वेगळे काढा, कारण सूट मिळते ती बहुतेक तिथेच. तिसरं, कागदांच्या झेरॉक्स नंबर टाकून, मूळ कागद सोबत पण हातातून सोडायचे नाहीत. मोबाईलवरचे मेसेज असतील तर प्रिंट काढा, ऐनवेळी स्क्रोल करत बसायला कोणाला वेळ नसतो.

## ५. आपला आकडा घरी ठरवा

तीन आकडे लिहून काढा. पहिला मागायचा, दुसरा ज्यावर खुशीने मिटवाल तो, तिसरा ज्याच्या खाली उठून यायचं. तिसरा आकडा मनाने नाही काढायचा, हिशोबाने काढायचा: केस लढलो तर किती मिळण्याची आशा आहे, किती वर्षं लागतील, खर्च किती, आणि मुख्य म्हणजे हुकूमनामा (दिवाणी कोर्टाचा वसुलीयोग्य निकाल) मिळाला तरी समोरच्याकडे वसूल करण्यासारखं काही आहे का. पाच लाखांचा हुकूमनामा आणि वसुली शून्य, त्यापेक्षा आज रोख साडेतीन लाख बरे असू शकतात. पण समोरचा नोकरदार आहे, घर आहे, कागद पक्के आहेत, तर घाईघाईत निम्म्यावर यायचं काहीच कारण नाही.

हा आकडा घरातल्यांशी आधीच बोला. मी स्वतः बघितलंय, माणूस दिवसभर बसून मिटवतो, घरी गेल्यावर मुलगा म्हणतो एवढ्यात कसं मिटवलंत, आणि दुसऱ्या दिवशी निवाडा रद्द होतो का म्हणून विचारायला येतो. होत नाही तो. ज्याचं मत लागणार आहे त्याला सोबत आणा किंवा आदल्या रात्री विचारा.

समोर कंपनी, बँक किंवा विमा कंपनी असेल तर येणाऱ्या अधिकाऱ्याला किती रकमेपर्यंत मंजुरी आहे हे आधी फोन करून विचारा. "वर विचारून सांगतो" म्हणणारा माणूस आला की दिवस फुकट जातो.

तपासा: तिसरा आकडा कागदावर लिहिलाय का? तो कागद खिशात ठेवा, समोरच्याला दाखवू नका.

## ६. अर्ज

केस कोर्टात चालू असेल तर त्याच कोर्टात अर्ज द्यायचा की प्रकरण लोकअदालतीत किंवा मध्यस्थीला पाठवा. लोकअदालतीसाठी एकानेच अर्ज केला तरी चालतो, मिटण्याची शक्यता दिसली तर कोर्ट दुसऱ्याचं ऐकून पाठवू शकतं. केसच नसेल तर त्याला दाखलपूर्व प्रकरण म्हणतात, जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे किंवा तालुक्याच्या कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे साधा अर्ज द्या. फी नाही. माहिती हवी असेल तर १५१०० हा टोल फ्री नंबर आहे. राष्ट्रीय लोकअदालत वर्षातून साधारण चारदा, शनिवारी असते, त्यामुळे निदान महिनाभर आधी अर्ज जाऊ द्या. समोरच्याचा पत्ता आणि मोबाईल नंबर अचूक लिहा, नोटीसच पोचली नाही तर तो येणार कसा.

तुम्हालाच नोटीस आली असेल तर घाबरू नका, आणि फेकूनही देऊ नका. आधी विधी सेवा प्राधिकरणाच्या ऑफिसात प्रकरणाचा नंबर सांगून खात्री करा, कारण वसुली एजंटांकडून लोकअदालतीच्या नावाने व्हॉट्सॲपवर धमकीचे मेसेज पण फिरतात. दाखलपूर्व प्रकरणात हजर राहिलं नाही म्हणून अटक होत नाही. पण केस चालू असेल तर कोर्टाची तारीख चुकवू नका.

## ७. त्या दिवशी

पॅनलवर साधारणपणे एक न्यायाधीश, चालू किंवा निवृत्त, आणि सोबत वकील, सामाजिक कार्यकर्ते असतात. त्यांच्यासमोर जुनी भांडणं काढू नका. एका पानाची हकीकत द्या, आकडा सांगा, गप्प बसा. समोरच्याला बोलू द्या, त्याची खरी अडचण बऱ्याचदा रकमेची नसते तर एकदम देण्याची असते, मग हप्त्यावर बोलणं सरकतं.

मध्यस्थ वेगळं बसवून बोलतो तेव्हा जे समोरच्याला सांगायचं नाहीये ते स्पष्ट सांगा की हे त्यांना सांगू नका. मध्यस्थीतलं बोलणं गोपनीय असतं, पुढे केसमध्ये "हा तेव्हा दोन लाखाला तयार होता" असं पुरावा म्हणून वापरता येत नाही. त्यामुळे मोकळं बोला.

सावधान: "आज शेवटचा चान्स आहे" असं कोणीही म्हणालं, अगदी तुमचा वकील जरी म्हणाला, तरी पटलं नसेल तर सही करू नका. नाही मिटलं तर चालू केस तशीच परत कोर्टात जाते आणि तुमचा कुठलाही हक्क कमी होत नाही.

## ८. अटी लिहिणं, इथे अर्धा तास जास्त द्या

सगळा वाद बोलून मिटला की लोकांना घरी जायची घाई होते आणि तडजोड पुरसीस, म्हणजे अटी लिहून दाखल करायचा कागद, कोणीतरी पटकन लिहितं. थांबा. पुढचा सगळा जोर या कागदावर आहे.

अशी अट वाचली असेल तुम्ही: "सामनेवाले अर्जदारास रु. २,४०,००० लवकरात लवकर हप्त्याने देतील." यावर वसुली करायची तर पहिला वाद हाच की लवकर म्हणजे कधी. त्याऐवजी असं हवं:

"सामनेवाले अर्जदारास एकूण रु. २,४०,००० (अक्षरी दोन लाख चाळीस हजार) देतील. पैकी रु. ४०,००० आज रोजी दिले व अर्जदारास मिळाले. उरलेले रु. २,००,००० दरमहा रु. ४०,००० प्रमाणे पाच हप्त्यात, प्रत्येक महिन्याच्या १० तारखेपर्यंत, अर्जदाराच्या खाली दिलेल्या बँक खात्यात जमा करतील. पहिला हप्ता पुढील महिन्याच्या १० तारखेस. कोणताही एक हप्ता चुकल्यास त्या दिवशी बाकी असलेली संपूर्ण रक्कम एकदम देय होईल व त्यावर पूर्ण फेड होईपर्यंत द.सा.द.शे. ९ टक्के व्याज द्यावे लागेल."

बघा, कोण, किती, कधी, कुठे, आणि चुकला तर काय, सगळं आलं. पहिला हप्ता नुसता "पुढील महिन्याच्या" न लिहिता खरी तारीख, महिना, वर्ष टाका, वरचा फक्त नमुना आहे.

आता बाकीच्या गोष्टी. दोघांमध्ये अजून केसेस असतील तर प्रत्येकीचा नंबर लिहा आणि कोण कोणती केस कधी मागे घेणार ते लिहा, आधी पैसे की आधी केस मागे, हा क्रम स्पष्ट पाहिजे. "सर्व केसेस मागे घेऊ" एवढंच लिहिलं तर दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात. घराचा ताबा द्यायचा असेल तर तारीख, किल्ली कोणाकडे, लाईट बिल कोणाच्या नावावर कुठपर्यंत, आतलं सामान कोणाचं. जमीन असेल तर गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, शक्यतो मोजणीचा नकाशा जोडा. आणि दाव्यात नसलेली दुसरी मिळकत तडजोडीत घुसवली तर त्या भागासाठी रजिस्ट्रेशन आणि स्टँप ड्युटीचा प्रश्न उभा राहतो, हे सही करायच्या आधी वकिलाला विचारा, नंतर नाही.

चेक बाऊन्सच्या केसबद्दल वेगळं सांगतो कारण इथे फिर्यादी फार फसतात. लोकअदालतीत तडजोडीचा निवाडा झाला की ती फौजदारी केस तिथेच संपते. नंतर आरोपीने हप्ते बुडवले तर सहसा जुनी केस जिवंत होत नाही, तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा धरून वसुली करावी लागते, सुप्रीम कोर्टाने २०११ मध्ये तसा निवाडा अंमलात आणता येतो हे स्पष्ट केलंय. वसुलीचा रस्ता आहे, पण केसची भीती गेलेली असते. म्हणून रक्कम मोठी आणि हप्ते लांबचे असतील तर निदान मोठा हिस्सा त्याच दिवशी घ्या, किंवा केस चालू ठेवून कोर्टासमोर हप्ते भरायला सांगा आणि पूर्ण पैसे आल्यावरच निवाडा करून घ्या.

तपासा: कागद मोठ्याने वाचून घ्या, घरातल्या म्हाताऱ्या माणसाला सही करायची असेल तर त्याच्या भाषेत समजावून. कोऱ्या जागा आडवी रेघ मारून बंद केल्या? प्रत्येक पानावर सही? नाव आधारप्रमाणे? कोऱ्या कागदावर सही कधीच, कोणासाठीही करू नका.

## ९. निवाडा झाल्यावर

लोकअदालतीचा निवाडा म्हणजे दिवाणी कोर्टाचा हुकूमनामा, १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यात तसं लिहिलंय, आणि त्याविरुद्ध अपील नाही. फसवणूक झाली असेल, दुसऱ्याच माणसाने तुमच्या नावाने सही केली असेल तर हायकोर्टात रिट अर्ज करता येतो, पण "मला कमी मिळाले" हे कारण तिथे टिकत नाही.

त्याच दिवशी किंवा त्याच आठवड्यात निवाड्याची प्रमाणित प्रत मागा. दाव्यात कोर्ट फी भरली असेल तर ती परत मिळते, त्यासाठी अर्ज करा, लोक हे पैसे तसेच सोडून देतात. शेतजमिनीची वाटणी असेल तर प्रत घेऊन तलाठ्याकडे फेरफारासाठी अर्ज द्या, निवाडा झाला म्हणजे सातबारा आपोआप बदलत नाही.

हप्ता चुकला तर फोनवर भांडू नका, दोन ओळींची लेखी आठवण पाठवा, आणि तरी नाही आला तर दरखास्त, म्हणजे निवाड्याची अंमलबजावणी करून मागणारा अर्ज, कोर्टात दाखल करा. नव्याने दावा लावायची गरज नाही, पहिल्यापासून पुरावे द्यायची गरज नाही, थेट अंमलबजावणी. दरखास्तीला बारा वर्षांची मुदत असते, पण तेवढं थांबू नका, समोरचा मिळकत विकून मोकळा होतो.

पैसे देणारे तुम्ही असाल तर प्रत्येक हप्ता बँकेतूनच द्या, रोख दिलात तर तारीख, रक्कम आणि निवाड्याचा नंबर असलेली पावती घ्या. शेवटचा हप्ता गेला की समोरच्याकडून "निवाड्याप्रमाणे संपूर्ण रक्कम मिळाली, काही येणे बाकी नाही" अशी सही घ्या आणि प्रकरण जिथे होतं तिथे पूर्तता झाल्याची पुरसीस दाखल करून तिची पोच फाईलला लावा. बँकेचं कर्ज असेल तर नो ड्यूज सर्टिफिकेट, गहाण ठेवलेले मूळ कागद, आणि महिना-दोन महिन्यांनी सिबिल रिपोर्ट काढून त्यात खातं बंद दाखवतंय का ते बघा, नसेल दाखवत तर निवाड्याची प्रत जोडून बँकेला लेखी कळवा.